कुत्रा चावलेली मोठी जखम उघडी ठेवली आणि विळीने कापलेल्या हाताला मात्र टाके घातले, असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेल्या महिन्यात आईचा तळहात विळीवर कापला, तर डॉक्टरांनी तासाभरात चार टाके घालून घरी पाठवलं. परवा वडिलांच्या पोटरीला कुत्रा चावला, जखम त्याहून मोठी, तरी तिथल्या डॉक्टरांनी नुसती धुतली, इंजेक्शनं दिली आणि उघडीच ठेवली. हा हलगर्जीपणा आहे, की यामागे काही हिशेब आहे?

हिशेब आहे, तो सांगतो. पण आधी वडिलांचं कार्ड काढून बघा. त्यावर रेबीजच्या लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, दिल्याची नोंद आहे का? दात रुतून रक्त आलेल्या जखमेत ते भरावं लागतं. राहिलं असेल तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत देता येतं. नोंद नसेल तर पुढचं वाचायच्या आधी दवाखान्यात जाऊन विचारून या.

मी तालुक्याच्या गावी कॅज्युअल्टीत काम करतो. ऊसतोडीच्या हंगामात कोयता, संक्रांतीला मांजा, पावसाळ्यात घसरलेल्या दुचाक्या, आणि विळी बारा महिने. टाके घालणं हे या सगळ्यातलं सोपं काम, इंटर्न थोड्या दिवसांत शिकतो. अवघड आहे ते घालायचे की नाही हे ठरवणं. त्यासाठी आम्ही तीन गोष्टी बघतो: आत काय कापलंय, आत काय राहिलंय, आणि जखम बंद केली तर आत काय कोंडलं जाईल.

रक्त किती आलं यावरून जखमेचा अंदाज बांधू नका. डोक्याच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या घट्ट तंतूंत अडकलेल्या असतात, कापल्या तरी आकसत नाहीत, म्हणून इंचभर खोकेतूनही शर्ट भिजतो. याउलट तळहातावर दोन थेंब रक्त आलेलं असतं आणि आत बोट वाकवणारी दोरी, म्हणजे टेंडन, तुटलेली असते. रक्त थांबवायला स्वच्छ फडकं आणि दहा मिनिटं सलग दाब पुरतो. अडचण एकच, नातेवाईक दर अर्ध्या मिनिटाला फडकं उचलून ‘थांबलं का’ बघतात.

हाताची जखम आली की सुन्न करायच्या इंजेक्शनाआधी तपासणी, कारण एकदा भूल दिली की संवेदना तपासायला काही उरत नाही. पेशंटला डोळे मिटायला सांगून बोटाच्या दोन्ही कडांना कापसाने हलकेच स्पर्श करायचा. प्रत्येक बोटाला दोन बाजूंनी दोन नसा असतात, एक कापली तरी दुसऱ्या बाजूला व्यवस्थित कळतं, त्यामुळे ‘बोट बधीर आहे का’ एवढं विचारून भागत नाही. मग टेंडन. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या दोन दोऱ्या असतात. मधलं पेर धरून ठेवायचं आणि फक्त टोक वाकवायला सांगायचं, ही एक. बाकीची बोटं सरळ धरून ठेवायची आणि तेवढं एक बोट वाकवायला सांगायचं, ही दुसरी. बोट वाकतंय पण जोर लावला की कळ येते, असं असेल तर दोरी अर्धवट कापलेली असू शकते.

यात एक गोम आहे. कोयता किंवा विळी हाताला लागते तेव्हा मूठ बहुधा वळलेली असते. पेशंट आमच्यासमोर हात पसरतो, तेव्हा आतली दोरी सरकून तिच्यावरचा काप पुढे गेलेला असतो. कातडीच्या जखमेतून बघितलं तर पांढरीशुभ्र, चकचकीत, धडधाकट दोरी दिसते! म्हणून त्याला पुन्हा मूठ वळायला लावून, जखम झाली त्या स्थितीत आत बघायचं. तुमच्या आईचे टाके घालण्याआधी डॉक्टरांनी बोटं वाकवून, पसरून बघितली असतील, तर ती वेळकाढू कसरत नव्हती.

आत काय राहिलंय हा दुसरा मुद्दा. काच एक्स-रेत दिसत नाही असा समज आहे, काही डॉक्टरांचाही. साध्या बाटलीची किंवा खिडकीची काचही एक्स-रेत दिसते, तुकडा साधारण दोन मिलिमीटरचा असला की पुरे. दिसत नाही ते लाकूड आणि काटा. बाभळीचा काटा आत मोडून राहिला असेल तर सोनोग्राफीत सापडण्याची शक्यता जास्त. सुश्रुतसंहितेत शिवणीचे प्रकार दिलेत, तसं कुठल्या जखमा शिवू नयेत तेही दिलंय, आणि आत शल्य राहिलेली जखम त्यात येते.

आणि मग घरगुती माल. हळद, कॉफी, चुना, टूथपेस्ट, तंबाखू, कधी डिझेलसुद्धा. यातलं काही लावून माणूस आला की आमचा अर्धा तास ते खरवडून काढण्यात जातो. हळदीच्या गुणांवर मी वाद घालत नाही, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिच्याखाली जखम दिसत नाही.

धुणं हे या सगळ्यातलं खरं काम. सेंटीमीटरभर लांबीच्या जखमेला ५० ते १०० मिलिलिटर पाणी असा ढोबळ अंदाज धरतात, म्हणजे चार सेंटीमीटरच्या जखमेला सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीतलं बरंचसं संपतं. वीस मिलीच्या सिरिंजने जोर लावून फवारायचं, नुसतं वरून ओतायचं नाही. पिण्याजोगं नळाचं पाणीही चालतं. सलाइनशी तुलना करून झालेल्या चाचण्यांत नळाच्या पाण्यामुळे संसर्ग वाढल्याचं दिसलेलं नाही. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेच्या आत ओतू नका. फेस येतो, झोंबतं, काहीतरी होतंय असं वाटतं, पण जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशीही मरतात. रस्त्यावर घसरलेल्यांच्या जखमेतली डांबराची कच पहिल्याच दिवशी ब्रशने घासून काढावी लागते. राहिली तर गोंदणासारखी कायम दिसते.

सुन्न करायचं औषध लिग्नोकेन. ते आम्लधर्मी असतं म्हणून टोचताना जळजळतं. हळूहळू सोडलं आणि सुई धड कातडीतून न घालता जखमेच्या कडेतून आत घातली तर त्रास बराच कमी होतो. घाईच्या ओपीडीत हे नेहमी पाळलं जातंच असं नाही, हेही खरं.

आता बंद करायची की नाही. ‘सहा तासांच्या आत टाके’ हा नियम तुम्हीही ऐकला असेल. त्याचं मूळ १८९८ सालात आहे. फ्रीडरिश नावाच्या जर्मन सर्जनने गिनीपिगच्या जखमांत बागेतली माती घालून पाहिलं, की साधारण सहा तासांनंतर जखमेच्या कडा कापून टाकल्या तरी संसर्ग आवरत नाही. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. हा आकडा मात्र शंभर वर्षं चिकटून राहिला. आज आम्ही घड्याळापेक्षा जखम कुठे आहे आणि कशाने झाली हे जास्त बघतो. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे तिथली स्वच्छ जखम दुसऱ्या दिवशीही शिवता येते. पायाचा रक्तपुरवठा त्यामानाने कमी, त्यात मधुमेह असेल तर आम्ही हात आखडता घेतो. विळीने कापलेली कड सरळ आणि जिवंत असते. कडबाकुट्टीत चिरडलेल्या हाताची कड वरून बरी दिसली तरी आतून मेलेली असते, आणि मेलेल्या मांसात जंतूंचं फावतं.

कुत्र्याचा चावा यात सगळ्यांत वाईट बसतो. दात खोल भोक पाडतात आणि जबडा भोवतीचं मांस चिरडतो. लाळेतले जंतू तळाशी पोचतात, पाणी तिथवर नीट पोचत नाही. वरून टाके घातले की पू व्हायला बंद खोली तयार. शिवाय रेबीजचा विषाणू. तो जखमेतून मज्जातंतूंत शिरतो, आणि टाक्याची प्रत्येक सुई त्याला नव्या ठिकाणी नेऊन सोडते. म्हणून आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, इम्युनोग्लोब्युलिन जखमेत आणि भोवती भरा, आणि टाके शक्यतो टाळा. अगदीच घालावे लागले, चेहरा फाटलाय किंवा रक्त थांबत नाही म्हणून, तर इम्युनोग्लोब्युलिन भरून झाल्यावरच, कमीत कमी आणि सैल. तुमच्या वडिलांच्या पोटरीला यातलं काही लागू नव्हतं. डॉक्टरांनी योग्य तेच केलं. फक्त ‘का’ हे सांगायला दोन मिनिटं काढायला हवी होती.

माणसाचा चावाही तितकाच वाईट. भांडणात समोरच्याच्या दातावर मूठ बसते आणि बोटाच्या सांध्यावर छोटीशी जखम होते. पेशंट ‘पत्रा लागला’ म्हणतो. आम्ही मान डोलावतो आणि चावा समजूनच उपचार करतो, म्हणजे टाके नाहीत, सांध्यापर्यंत धुणं, अँटिबायोटिक.

बंद करायच्या तऱ्हाही जागेप्रमाणे बदलतात. आत विरघळणारा धागा, वर बहुधा नायलॉन. धाग्याच्या आकड्यात शून्यं जितकी जास्त तितका तो बारीक: चेहऱ्याला सहा-शून्य, पायाला तीन-शून्य. डोक्याला कधी स्टेपलर, आणि केस पुरेसे लांब असतील तर दोन्ही कडांचे केस एकमेकांत पिळून त्यावर गोंदाचा थेंब टाकायची एक छान युक्ती आहे, सुई नाही की टाका नाही. लहान मुलाच्या कपाळावरच्या सरळ, उथळ खोकेला वैद्यकीय गोंद पुरतो. तो सायनोॲक्रिलेटच असतो, म्हणजे फेविक्विकचा चुलतभाऊ. पण दुकानातलं फेविक्विक जखमेत घालू नका, ते निर्जंतुक नसतं आणि भाजतं. ओठ फाटला असेल तर लाल आणि कातडीच्या सीमेवरचा टाका पहिला घालायचा. तिथे मिलिमीटरभर चूक झाली तरी समोरच्याला आयुष्यभर ती पायरी दिसते. भूल दिल्यावर ओठ सुजून सीमा पुसट होते, म्हणून आधी शाईने खूण करून घेतात. भुवईतली जखम शिवताना भुवई भादरत नाहीत, कडा जुळवायला तीच खूण असते.

टाका करकचून आवळलेला चांगला नाही. कडा एकमेकींना टेकल्या आणि किंचित वर उचलल्या की झालं. दुसऱ्या दिवशी सूज येते, तेव्हा घट्ट टाका कातडीत रुततो आणि शिडीसारखे वण राहतात.

आणि टाक्यांच्या आकड्यावरून जखमेचं मोठेपण ठरवायची आपली सवय! ‘डोक्याला बारा टाके पडले’ हे वाक्य भांडणाच्या प्रत्येक हकिकतीत असतं. पण तीच जखम मी आठ टाक्यांत बंद करेन, दुसरा पंधरात. पोलिस केसच्या दाखल्यावर आम्ही जखमेची लांबी, रुंदी, खोली लिहितो, ती याचसाठी.

आईचे टाके वेळेत काढले ना? चेहऱ्याचे साधारण पाच दिवसांत, डोक्याचे सात ते दहा, पायाचे दहा ते चौदा, आणि तळहाताचे किंवा सांध्यावरचे चौदाच्या आसपास. काढल्यावरही जपायचं. तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळच्या पाचव्या हिश्शाएवढी असते, आणि पूर्ण भरल्यावरही ती ८० टक्क्यांच्या पुढे फारशी जात नाही. भात आणि डाळ बंद करू नका, त्याने जखम ‘पिकत’ नाही. उलट भरायला प्रथिनं लागतात. तंबाखू मात्र खरोखर आड येते. आणि दर खरचटण्याला धनुर्वाताचं इंजेक्शन लागत नाही. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर किरकोळ स्वच्छ जखमेला मागच्या डोसपासून दहा वर्षं, आणि मळकट किंवा खोल जखमेला पाच वर्षं उलटली असतील तरच. मागचं काही आठवत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा, मग हिशेब वेगळा.

वडिलांची जखम आता तळापासून भरत येईल. आठवड्याभरात तळाशी लाल, दाणेदार, ओलसर मांस दिसू लागलं तर ते चांगलं लक्षण, त्याला घाबरू नका. जखम फारच फाकलेली असेल तर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सर्जनला दाखवा. पू नसेल, कडा शांत असतील, तर उशिरा का होईना, काही वेळा ती तेव्हा बंद करता येते. भोवतीची लाली रोज वाढत असेल, ताप आला किंवा जांघेत गाठ आली, तर ड्रेसिंगच्या तारखेची वाट बघू नका. साखर एकदा तपासून घ्या. आणि लसीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा: कातडीत देतात ती लस असेल तर ०, ३, ७ आणि २८ वा दिवस. स्नायूत दिली असेल तर मधे १४ वा दिवसही येतो. पहिला डोस दिला तो दिवस शून्य धरायचा, चावला तो नाही.