आपल्या पायथन लायब्ररीतून पायथन ३.९ या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट आता काढावा का?

काढा, बिनधास्त. ३.९ च्या सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२५ मध्येच थांबल्या. नमपायसारखे (आकडेमोडीची लायब्ररी) प्रकल्प तर पायथनच्या अधिकृत सपोर्टची ५ वर्षंही थांबत नाहीत, तीन-साडेतीन वर्षांतच जुनी आवृत्ती सोडतात.

जुन्या युजर्सची काळजी असेल तर पायप्रोजेक्ट फाइलमध्ये (लायब्ररीच्या सेटिंग्जची फाइल) रिक्वायर्स-पायथनला, म्हणजे लागणाऱ्या पायथन आवृत्तीच्या ओळीत, किमान ३.१० लिहा. मग ३.९ वाल्याला पिप (पायथनचा इन्स्टॉलर) आपोआप तुमचं आधीचं, चालणारं रिलीज देतं. ही ओळ लिहायची राहिली आणि कोडमध्ये मॅच-केस (३.१० पासूनची रचना) आलं, की त्याला इम्पोर्टलाच सिंटॅक्स एरर! आणि हा बदल पॅच रिलीजमध्ये (फक्त दुरुस्त्यांच्या छोट्या आवृत्तीत) गुपचूप ढकलू नका.

मी थांबेन ते एकाच कारणासाठी: पैसे देणारा ग्राहक रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ या ऑपरेटिंग सिस्टीमवर असेल तर. तिथला सिस्टीम पायथन ३.९ च आहे आणि त्याचे पॅच रेड हॅट स्वतः देतं.