केंटकीच्या मॅमथ केव्हमध्ये खरंच बंदुकीच्या दारूचा कारखाना होता का? आता तिथे काय बघायला मिळतं?

दारूचा नाही, दारूला लागणाऱ्या सोऱ्याचा. आणि गंमत म्हणजे त्याचा संबंध थेट आपल्याकडे पोचतो. त्या काळी सोऱ्याचा मोठा पुरवठा बिहार-बंगालमधून, ब्रिटिशांमार्फत व्हायचा. १८१२ साली अमेरिका-ब्रिटन युद्ध पेटलं, ब्रिटिश आरमाराने बंदरं अडवली आणि अमेरिकेत सोऱ्याचे भाव कडाडले. मग या गुहेतल्या मातीला किंमत आली.

राबले ते गुलाम, सुमारे ७० जण. गुहेतली माती लाकडी हौदांत भरून वर पाणी सोडायचं. ते पाणी बाहेरून, पोखरलेल्या ओंडक्यांच्या नळांतून आत आणलेलं. मातीतलं नायट्रेट पाण्यात उतरलं की पंपाने ते बाहेर काढायचं, लाकडाच्या राखेतला पोटॅश मिसळायचा आणि आटवायचं, की सोरा तयार. युद्ध संपलं, बाहेरचा माल परत येऊ लागला आणि धंदा बसला.

ते हौद आणि नळ अजून तिथेच आहेत! माझ्या मते तिथे बघण्यासारखं हेच. २०० वर्षांत लाकूड कुजलं नाही, कारण चुनखडीवर वालुकाश्माचा थर आहे आणि तो वरच्या दालनांत पाणी झिरपू देत नाही. म्हणूनच या भागात लवणस्तंभ जवळपास नाहीत. त्यासाठी जाणार असाल तर हिरमोड होईल.

पुढे १८४२ मध्ये गुहेचे मालक डॉ. जॉन क्रोघन यांनी क्षयरोग्यांना आत ठेवून पाहिलं. गुहेच्या हवेने बरं वाटेल ही कल्पना. प्रत्यक्षात अंधार, गारवा आणि शेकोट्यांचा धूर. काही जण आतच दगावले. डॉक्टरही १८४९ मध्ये क्षयानेच वारले. रोग्यांच्या दोन दगडी खोल्या उभ्या आहेत.

गुहेचा नकाशा काढणारा आणि पर्यटकांना फिरवणारा स्टीफन बिशप हाही क्रोघन यांचा गुलाम. त्याची माहिती वाचून जा, गाइडचं बोलणं जास्त कळेल.

१९४१ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. हौदांसाठी 'हिस्टॉरिक' टूर घ्या, सुट्ट्यांत आधी बुकिंग करा. आत बारा-तेरा अंश असतं, स्वेटर न्या. दुसऱ्या गुहेत वापरलेले बूट मात्र घालू नका. वटवाघळांना मारणारी बुरशी त्यातून पसरते.