कन्नडचा 'फ़' म्हणजे खरं तर 'ऴ'

प्रश्न असा आहे: हळेकन्नड, म्हणजे जुन्या कन्नडातल्या, शिलालेखाचा छापील पाठ संगणकावर उतरवताना 'सात' या अर्थाच्या शब्दात एक अनोळखी अक्षर भेटलं. युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक लिपीतल्या अक्षराला क्रमांक आणि नाव देणाऱ्या प्रणालीच्या, तक्त्यात ते सापडलं, पण नाव निघालं 'कन्नड लेटर एफए', म्हणजे फ़ (इंग्रजी एफचा ध्वनी). मग जुन्या कन्नडात फ़ होता का?

नव्हता. तुम्ही अक्षर बरोबर शोधलंत, नाव तक्त्यातच चुकलेलं आहे. हा ऴ आहे. 'तमिऴ'च्या शेवटी येतो तोच, जीभ मागे वळवून, पण टाळूला न टेकवता उच्चारायचा. मराठीत हा ध्वनी नाही, म्हणून आपण तमिळ, अळगिरी, कोळिकोड असं ळवर भागवतो. कन्नडनेही पुढे बहुतेक ठिकाणी तेच केलं. तेराव्या शतकातल्या केशिराजाच्या 'शब्दमणिदर्पण' या व्याकरणात मात्र हा वर्ण साध्या ळपासून वेगळा काढून त्याला 'रळ' म्हटलं आहे.

तुमचा शब्द 'एऴु', आजचा 'एळु'. अक्षर गेलं तरी त्याची खूण रोजच्या कन्नडात राहिली आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. 'बीळु' म्हणजे पडणं, पण 'पडून' म्हणायचं तर 'बिद्दु'. 'एळु'चा दुसरा अर्थ उठणं, तर 'उठून' म्हणजे 'एद्दु'. ळ असा अचानक कुठे जातो? जुनी रूपं 'बिऴ्दु', 'एऴ्दु' अशी होती. दोन स्वरांमधला ऴ ळ झाला, आणि दच्या आधीचा ऴ दमध्येच मिसळला. भाताच्या खाचराला म्हणतात तो 'गद्दे' हा शब्दही असाच, मूळ 'गऴ्दे'.

आता नावाचं. युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांचे तक्ते १९८८च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीवरून, एकाच आराखड्यावर मांडले गेले. त्यामुळे एका लिपीत अक्षराचं घर, म्हणजे त्याचा अंक-अक्षरी क्रमांक, कळलं की दुसरीतलं सांगता येतं. देवनागरीत ळ ०९३३ वर आणि ऴ लगेच पुढे, ०९३४ वर. तमिळ आणि मल्याळमच्या तक्त्यांतही ऴ ळच्या शेजारीच. कन्नडच्या तक्त्यात ळ ०सीबी३ वर आहे आणि शेजारचं ०सीबी४ हे घर रिकामं! ऴ बसला आहे दूर ०सीडीईवर. देवनागरी आणि गुरुमुखीच्या तक्त्यांत नेमक्या त्याच घरात फ़ आहे. घर चुकलं आणि त्या घराचंच नाव अक्षराला चिकटलं, असं मला यातून स्पष्ट दिसतं. तेलुगूला तिचा ऴ २०१४मध्ये मिळाला, तो मात्र योग्य घरात.

मग दुरुस्ती का नाही? १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीपासून युनिकोडचा नियम आहे की एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही, कारण कितीतरी प्रणाली त्या नावावरून अक्षर ओळखतात. म्हणून मूळ नाव तसंच ठेवून 'कन्नड लेटर एलएलएलए' (एलएलएलए म्हणजे ऴ) हे अधिकृत सुधारित उपनाम जोडलं आहे. लाओ लिपीतल्या काही अक्षरांची नावं अशीच आपसांत बदलली गेली आहेत. एका कंसाच्या नावात तर ब्रॅकेट या शब्दाचं स्पेलिंगच चुकलेलं आहे, आणि तेही कायमचं.

तेव्हा कन्नड पाठात बेलाशक ०सीडीई वापरा. तिथे ळ घालू नका, शिलालेखाचा काळ ठरवताना हा फरक उपयोगी पडतो. आधुनिक कन्नडात फ़ दाखवायचाच असेल तर फच्या खाली दोन टिंबं देतात. देवनागरीत लिप्यंतर करताना ऴ लिहा. त्याच्या जवळच, ०९३१ वर, द्राविडी र दाखवण्यासाठीचा ऱ आहे. 'दऱ्या' आणि 'सुऱ्या' आपण त्याच ऱने टंकतो.