तो काळा फिल्टर आधी फेकून द्या

ग्रहांबद्दलचे तेच तेच पाच-सहा प्रश्न फिरून फिरून येतायत, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देऊन टाकतो.

प्रश्न: ७० मिमीच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ६७५ पट लिहिलंय, पण गुरू नुसता धुरकट गोळा दिसतो. दुर्बीण बिघडलीय का?

दुर्बीण ठीक असावी, खोटं खोकं बोलतंय. जितक्या मिमीचं भिंग त्याच्या साधारण दुप्पट पट, म्हणजे तुमची धाव १४० पर्यंत, त्यापुढे बिंब फुगतं पण तपशील वाढत नाही, आणि हवा हलती असेल तर १४० सुद्धा जमत नाही. सगळ्यात कमी पटीचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं छोटं भिंग, लावा, गुरूचे चार चंद्र एका रेषेत दिसतील. दुसऱ्या रात्री परत बघा, जागा बदललेल्या असतील, त्यातला आयो तर साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो. तरीही धुरकटच दिसलं तर एखाद्या जाणत्या निरीक्षकाला दुर्बीण दाखवा, स्वतः भिंग उघडू नका.

प्रश्न: चंद्र पौर्णिमेलाच बघायचा ना?

नाही, अष्टमीच्या आसपास. विवरांना सावल्या असतात तेव्हा.

प्रश्न: २७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार असा मेसेज आलाय.

अहो, २००३ पासून दरवर्षी येतो तो! त्या वर्षी मंगळ खरंच खूप जवळ आला होता, साधारण ५ कोटी ५८ लाख किमीवर, आणि ७५ पट मोठा करून बघितला तर नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढा दिसेल असं म्हटलं होतं. पुढे ढकलणाऱ्यांनी ७५ पट खाऊन टाकलं. डिलीट करा.

प्रश्न: १३ नोव्हेंबर २०३२ ला बुधाचं अधिक्रमण आहे, म्हणजे बुध सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार. दुर्बिणीसोबत 'सन' लिहिलेला छोटा काळा फिल्टर मिळालाय, तो आयपीसला लावून चालेल?

नाही, नाही आणि नाही. आणि २०३२ ची वाट कशाला, तो फिल्टर आजच हातोड्याने फोडून टाका, म्हणजे घरातलं पोरगं उद्या लावणार नाही. पुढच्या भिंगाने गोळा केलेलं सगळं ऊन एकवटतं नेमकं आयपीसजवळ, तिथे ही बटणाएवढी काच तापते आणि तडकते, आणि तडकते तेव्हा तुमचा डोळा तिथेच चिकटलेला असतो. नेत्रपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे 'दुखलं तर बाजूला होईन' हा हिशेब चालतच नाही. हे बटण फुकटात देणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत बघणं, एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, हे सगळंही बाद. फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण भिंग झाकणारा, सूर्यासाठीच बनवलेला हवा, दर वेळी उजेडात धरून भोकं-ओरखडे तपासायचे, आणि फाइंडरवर, म्हणजे नेम धरायच्या वरच्या छोट्या दुर्बिणीवर, झाकण लावायचं, ते हमखास विसरतात. बुधाचा ठिपका सूर्यबिंबाच्या रुंदीच्या जवळजवळ दोनशेवा भाग, नुसत्या डोळ्याला दिसणारच नाही, म्हणून अनुभवी मंडळींच्या दुर्बिणीतूनच बघा. कधी चुकून सूर्य बघितला गेला आणि नजरेत डाग राहिला तर 'उद्या बघू' करू नका, त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

प्रश्न: शनीची कडी अगदी बारीक का दिसली?

मार्च २०२५ मध्ये ती आपल्याला कडेवरून दिसत होती. आता हळूहळू उघडतायत.

प्रश्न: ऑफर संपायच्या आत कुठली दुर्बीण घेऊ?

कुठलीच नको. आधी आकाशदर्शनाला जाऊन दोन-चार वेगवेगळ्या दुर्बिणींतून बघा, त्यांच्या मालकांना विचारा, मग या.