अकरा फुटांतला उतार करू नका, मागच्या दाराकडे बघा

वडिलांच्या चाकाच्या खुर्चीसाठी घराला उतार (रॅम्प) कसा करावा, असं तुम्ही विचारलंय. दिलेली माहिती अशी आहे: कराडजवळ स्वतःचं बैठं घर, वडिलांना डाव्या बाजूचा पक्षाघात, वजन सत्तरच्या आसपास, खुर्ची ढकलणार आई. पुढच्या दाराला चार पायऱ्या, एकूण उंची २६ इंच, पायरीपासून गेटपर्यंत अंगण ११ फूट. मागच्या दाराला दोनच पायऱ्या, १४ इंच. परसू ३० फूट लांब, ९ फूट रुंद, दार त्याच्या एका टोकाला. गवंडी म्हणतो, "पुढं अकरा फुटांत मस्त बसतंय, दोन दिवसांत करून देतो."

तो करून देईल यात शंका नाही. पण तो जे करून देईल ते मोटारसायकल चढवायचं असेल. आपल्याकडे घराघरांत पायऱ्यांच्या कडेला गाडीसाठी तसला उतार असतो आणि गवंड्यांचा हात त्यावरच बसलेला असतो. गाडीला इंजिन असतं, आईला नाही. मी स्वतः पंचवीसेक वर्षं चाकाच्या खुर्चीवर आहे, त्याआधी बांधकामाच्या साईटवर होतो, त्यामुळे आता आमच्या भागात कुणाला रॅम्प करायचा झाला की मला बोलावतात. पहिलं काम बहुतेक वेळा एकच असतं, गवंड्याला थांबवणं.

हिशोब सरळ आहे. खुर्चीच्या उताराला जगभर मानलेली मर्यादा एकास बारा, म्हणजे एक इंच उंचीला किमान बारा इंच लांबी. ही शेवटची मर्यादा आहे, याहून उभा करायचा नाही. जागा असेल तर एकास पंधरा करा. २६ इंचांना एकास बाराने २६ फूट लागतात. ११ फुटांत बसवलं तर तो उतार एकास पाच होतो. वडील आणि खुर्ची मिळून ८८ किलो धरा. एकास पाचवर आईला सतत १७ किलोच्या आसपास जोर लावून धरावा लागेल, तोही चढता चढता, मध्ये दम न घेता. एकास बारावर तोच जोर सव्वासात किलो, एकास पंधरावर सहाच्या आत. चढताना कसंबसं जमेलही. उतरताना ते वजन आईच्या अंगावर येतं आणि खाली गेट, गेटबाहेर रस्ता. शिवाय इतक्या चढावर खुर्चीचा तोल मागे जातो, पुढची छोटी चाकं जमीन सोडू शकतात. खुर्चीचे ब्रेक उभ्या खुर्चीला धरून ठेवायला असतात, चालत्या खुर्चीचा वेग आवरायला नाहीत. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

एवढा उभा उतार असण्यापेक्षा पायऱ्या बऱ्या. पायऱ्यांवर निदान माणूस दोघांना हाक मारतो. उतार दिसला की एकटीनेच न्यायचा मोह होतो.

पुढच्या अंगणात रुंदी पुरत असेल तर घराच्या भिंतीला समांतर वळसा घालूनही करता येईल: १३ फुटांचा एक उतार, मध्ये ५ फूट सपाट, मग उलट दिशेला पुन्हा १३ फूट. पण त्यात जवळजवळ सगळं अंगण जाईल आणि तुळशीवृंदावन हलवावं लागेल. म्हणून माझं मत मागच्या दाराला. १४ इंचांना एकास पंधराने साडेसतरा फूट लागतात, दारापुढे ५ बाय ५ फुटांचा सपाट ओटा आणि खाली वळायला ५ फूट. साडेसत्तावीस झाले, तुमच्या ३० फुटांत बसतंय. तरी आधी वडिलांना विचारा. काहींना मागच्या दारानं ये-जा करणं लागतं मनाला, विशेषतः जे घराचे कर्ते होते त्यांना. ते नको म्हणाले तर वळसा घालून पुढेच करा, खर्च आणि अंगण गेलं तर गेलं. आखूड उतार मात्र दोन्हीकडे नाही.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते मोजमाप. तुमचे १४ इंच पायरीपाशी मोजलेले आहेत. उतार संपणार तिथून सतरा-अठरा फूट लांब आणि परसवाला बहुधा पाणी जायला उतार दिलेला असतो. तिथे जमीन आणखी दोन-तीन इंच खाली असेल तर १४ चे १७ होतात. मग साडेसतरा फुटांत एकास पंधरा राहत नाही, एकास बाराच्या जवळ येतं, त्याहून जरासंच सौम्य. चालेल, पण हे आधी कळायला हवं. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल पाईप घ्या (पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं), एक टोक आतल्या फरशीच्या पातळीला धरा आणि दुसरं तीन ठिकाणी न्या: पायरीपाशी, उताराच्या मध्यावर, उतार संपतो तिथे. प्रत्येक ठिकाणी पाण्याच्या रेषेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि तिन्ही आकडे लिहून ठेवा. पायऱ्यांची उंची बेरीज करून काढू नका, आपल्या पायऱ्या कधी सारख्या नसतात.

मागचं दारही मोजा. जुन्या घरांत ते अडीच फुटी असतं आणि चौकट, बिजागऱ्या धरून मोकळी वाट २७ इंच उरते. साधी घडीची खुर्ची चाकांच्या कड्यांसकट २५-२६ इंच. जाते, पण वडील उजव्या हाताने चाक फिरवायला लागले की बोटांची सालं निघतील. चौकट बदलून मोकळी ३२ इंच तरी मिळवा, ३६ मिळाली तर उत्तम. परसवात जायचा बाजूचा बोळही पाहून घ्या. सेप्टिक टँकचं झाकण, बोअरची पाईप, बाहेर उघडणाऱ्या खिडक्यांची दारं आणि पुढे आलेल्या ग्रिलचे कोपरे. बसलेल्या माणसाचं डोकं नेमकं त्या कोपऱ्यांच्या उंचीला येतं.

उंबऱ्याचा प्रश्न घरोघरी येतो. आई काढू देणार नाही, आणि काढायची गरजही नाही. बाहेरच्या ओट्याची पातळी अशी घ्या की उंबरा त्याच्यापेक्षा अर्धा इंचच वर राहील, आणि तेवढीही कड तिरकी घासून घ्या. आतल्या बाजूला लाकडाची पाचर बसवा, इंचाला फूटभर तरी लांब. पण ओटा आतल्या फरशीच्या इतका जवळ आला की पावसाचं पाणी घरात यायची भीती. म्हणून ओट्याला दारापासून बाहेरच्या बाजूला फुटाला पाव इंच ढाळ द्या आणि वर पत्र्याची छपरी काढा. पागोळ्या उतारावर पडता कामा नयेत, जून ते सप्टेंबर पाणी पडत राहिलं की शेवाळ धरतं आणि मग कितीही खरबरीत केलेलं असो, उपयोग नाही. पन्हळ लावून पाणी बाजूला काढा. दारात पायपुसणं नको, छोटी चाकं त्यात अडकतात.

तुमच्याकडची जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर नुसता कोबा टाकला तर दोन पावसाळ्यांत तो घराच्या जोत्यापासून सुटून खचतो. नेमका जोडावर पाऊण-एक इंचाचा अडथळा तयार होतो आणि खुर्ची तिथेच आपटते. काळी माती फूटभर काढून टाका, निदान सहा इंच तरी. त्यावर मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस, म्हणजे ठोकून दाबणं. घाईत गवंडी विटांचे तुकडे आणि माती एकदम ओतून वरून दाबतो, ते चालवून घेऊ नका. बाहेरच्या बाजूला विटांची किंवा दगडाची भिंत पक्क्या पायावर. वर चार इंच काँक्रीट, एम-२० म्हणजे सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन, आत वेल्डेड जाळी. काँक्रीट घराच्या भिंतीला जोडू नका, मध्ये अर्धा इंच थर्माकोलची पट्टी ठेवा आणि नंतर वरचा भाग सीलंटने भरा, म्हणजे घर आणि रॅम्प आपापले हलतील. सामान साधारण असं: मुरूम दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), सिमेंट सात-आठ पोती काँक्रीटला, भिंत आणि गिलाव्याचं वेगळं. निदान सात दिवस गोणपाट टाकून पाणी मारायचं, यालाच क्युरिंग म्हणतात. त्याआधी वडिलांना चढवून बघायचा हट्ट कुणी धरला तर नाही म्हणा.

रुंदी कठड्यांच्या आतून मोकळी चार फूट ठेवा. घराच्या बाजूचा कठडा भिंतीतच बसेल, बाहेरच्याचे खांब काँक्रीटच्या कडेला बाहेरून बसवायचे, म्हणजे आतली रुंदी खात नाहीत. उघड्या बाजूला चार इंच उंच कट्टा सलग हवा, चाक घसरलं तरी खाली जाणार नाही. कट्ट्याला तळाशी पाणी जायला भोकं ठेवा, नाहीतर उताराचं गटार होईल.

वरचा भाग कसा असावा, यावर फॅब्रिकेटरपासून (कठड्याचं लोखंडी काम करणारा) शेजाऱ्यापर्यंत सगळे मत देतात. टाईल नको. अँटी-स्किड म्हणून विकतात तीही साबणाच्या पाण्यात गुळगुळीतच, आणि परसवात धुणं-भांडी असतातच. काँक्रीट ओलं असताना खराटा आडवा ओढून रेघा उमटवा, बस्स. गाडीच्या उताराला मारतात तसल्या उंच आडव्या पट्ट्या अजिबात नकोत. पक्षाघाताच्या माणसाला तो दणका पार खांद्यापर्यंत जातो, आणि पक्षाघातात खांदा आधीच नाजूक असतो. उतार जिथे सुरू होतो आणि संपतो तिथे पिवळ्या रंगाची चार इंचाची पट्टी मारा, खरबरीत रंगाने. संध्याकाळी आईला कडा दिसायला हवी. वर एक दिवा, बटण दाराच्या आत पण बसून हात पोचेल असं.

कठड्याबद्दल तुमचा गवंडी "एकाच बाजूला पुरे" म्हणाला असं लिहिलंय. इथे नीट विचार करा. वडिलांचा चालणारा हात उजवा. चढताना उजवी बाजू एक, उतरताना तीच दुसरीकडे. एकाच बाजूला कठडा म्हणजे एका वेळी त्यांचा हात रिकामा. म्हणून दोन्हीकडे, आणि दोन उंचींवर: ३६ इंच उभ्याने धरायला, ३० इंच बसून धरायला. पाईप सव्वा इंची जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) घ्या, बाहेरून ती साधारण ४२ मि.मी. भरते आणि मुठीत नीट बसते. मोठ्या चौकोनी पाईप शोभेला ठीक, धरवत नाहीत. भिंतीपासून दोन इंच अंतर, उताराच्या दोन्ही टोकांना कठडा फूटभर पुढे, आणि टोक खाली वळवलेलं, म्हणजे शर्टाची बाही अडकणार नाही. माप काँक्रीट झाल्यावरच फॅब्रिकेटरला द्या, आधी केलेला कठडा कधी जागेवर बसत नाही.

एक गोष्ट घाईत राहून जाते. पक्षाघाताचे बरेच लोक काही महिन्यांत चारपायी काठी घेऊन उभे राहतात. ज्यांचा घोटा ताठ असतो किंवा पाऊल लोंबतं त्यांना उतारावर चालणं बुटक्या पायरीपेक्षा अवघड जातं. म्हणून मागच्या पायऱ्या तोडून टाकू नका, ओट्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवा आणि त्यांनाही कठडा द्या. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून जागा दाखवा, आखणीच्या आधी.

आईची सवय मात्र आत्ताच करून घ्या. एखाद्या दवाखान्याचा बरा रॅम्प बघा (एटीएमचे नकोत, त्यातले बरेच नुसते दाखवायला केलेले असतात) आणि वडिलांच्या वजनाच्या कुणाला तरी खुर्चीत बसवून तिला दोन-चार वेळा वर-खाली करू द्या. चढताना खुर्ची पुढे तोंड करून. उतरताना उतार उभा वाटला तर खुर्ची उलटी फिरवायची, आई खालच्या बाजूला, आणि मागे बघत हळूहळू पावलं टाकायची. तिला एकास बारा जड गेला तर कळेलच की तुम्हाला एकास पंधरा का हवाय.

रॅम्प होईपर्यंत पायऱ्यांवरून न्यायचं तर दोन धट्टी माणसं लागतील. एक वरून मुठी धरून खुर्ची मागे कलवेल, दुसरा खालून पुढची चौकट धरेल. पायपट्ट्या धरून उचलू नका, त्या निखळतात. अॅल्युमिनियमचे घडीचे रॅम्प मिळतात, पण १४ इंचांना पुरेल एवढा लांब घेतला तर उचलायलाच माणूस लागतो. एका पायरीपुरते ते छान. विजेवर वर-खाली होणारा छोटा प्लॅटफॉर्मही असतो, पुढच्या दाराला तो बसेल, पण बॅटरी बॅकअपशिवाय घेऊ नका, लोडशेडिंगमध्ये माणूस वरच अडकतो.

परवानगीचं तुम्ही विचारलंय. स्वतःच्या प्लॉटवर, हद्दीच्या आत, छपरी सोडून उघडा उतार असेल तर सहसा कुणी अडवत नाही. तरी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत एकदा विचारून घ्या, छपरीचं खास करून. तुमच्या बहिणीच्या फ्लॅटच्या इमारतीलाही रॅम्प हवाय म्हणता, तो प्रश्न वेगळा. तिथे सोसायटीला लेखी अर्ज द्यावा, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करून, सोबत आखणीचा कागद जोडून. तोंडी मागणीला "बघू" एवढंच उत्तर मिळतं.

गवंड्याशी ठरवताना लांबी, वरची-खालची पातळी, मोकळी रुंदी आणि खराटा फिनिश हे कागदावर लिहून दोघांची सही घ्या. शेवटचा हप्ता क्युरिंग झाल्यावर, उतारावर लेव्हल पाईप पुन्हा लावून. मुरूम यायच्या आत लेव्हलचे तिन्ही आकडे आणि मागच्या दाराचा, बोळाचा फोटो इथे टाका. उतार कुठून सुरू करायचा ते त्यावर बघून सांगतो.