राणी गेली की पोळ्यात काय होतं?

प्रश्न: नमस्कार ताई. आमच्या किचनच्या खिडकीवरच्या सज्जाखाली गांधीलमाश्यांचं पोळं आहे, 20 एक माश्या असतील. गेल्या आठवड्यात सासूबाईंनी झाडूच्या दांड्याने डिवचलं, दोन-तीन माश्या खाली पडून मेल्या, पोळं मात्र शाबूत राहिलं. नंतर बघते तर एक माशी बाकीच्यांच्या अंगावर चढून चावे घेतीय, दिवसभर तेच! आता ती बरीच गप्प झालीय. चिडली होती का ती? आणि पोळं जाळायचं का, सासूबाई मागे लागल्यात.

उत्तर: अहो, बहुतेक मेलेल्यांमध्ये राणी होती, आणि तुम्ही नवी राणी होताना बघितलीत! किती जणांच्या सज्जाखाली पोळं असतं, पण एवढं निरखून कोण बघतं?

तुमची माशी रोपालिडिया मार्जिनाटा जातीची वाटते, आपल्याकडे घरोघरी दिसते ती. हिच्यावर बंगळूरच्या आयआयएससीमध्ये (भारतीय विज्ञान संस्था) राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कित्येक वर्षं काम केलंय, माश्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके लावून एकेकीवर नजर ठेवायची. यात राणी दिसायला वेगळी नसते आणि स्वभावाने अगदी शांत असते, मारामारी करून राज्य करत नाही. पोट पोळ्यावर घासत फिरते, तिच्या ग्रंथीतला वास पोळ्याला लागतो, त्यावरून बाकीच्यांना कळतं की राणी आहे. ती गेली की एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते, मग हळूहळू निवळते आणि साधारण आठवडाभरात अंडी घालायला लागते. कालपर्यंत पोळ्यातल्या अळ्यांसाठी शिकार आणणारी असू शकते बरं का ती.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचंच. पुढची राणी कोण हे वय, आकार, वागणं बघून आपल्याला आधी हमखास ओळखता येत नाही, पण माश्यांना माहीत असतं. 2008 साली गदगकरांच्या गटाने एक प्रयोग छापला, पोळं मधोमध कापून मध्ये जाळी लावली, राणी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला लगेच एक वारस उभी राहिली, मग राणीला इकडून तिकडे हलवून बघितलं. तर जी खरी वारस होती तिच्याशी कोणी भांडलंच नाही, जाळीच्या पलीकडून आली तरी. म्हणजे गादीचा वारस आतल्या आत ठरलेला असतो!

जाळू नका हो, किचनला लागून आग नको, आणि चिडलेली गांधीलमाशी पुन्हापुन्हा डंख मारू शकते, मधमाशीसारखा तिचा काटा अडकून राहत नाही. खिडकीला बारीक जाळी लावा. घरात कुणाला डंखाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र पोळं माहितगाराकडूनच काढून घ्या, स्वतः हात घालू नका. नाहीतर राहू द्या, तुमच्या कुंडीतल्या झाडांवरच्या अळ्या याच माश्या उचलून नेतात.

आणि ती माशी आता बाहेर जाते का बघा, राणी झाली असेल तर सहसा पोळं सोडून खाणं शोधायला जाणार नाही. लांबूनच बघा, आणि काय दिसलं ते मला नक्की कळवा.