वाचकांचे प्रश्न : जुन्या काळचा बॅक

आजोबा १९५० च्या आसपास पुण्यात फुटबॉल खेळत. संघाच्या फोटोमागे त्यांच्या नावापुढे ‘राइट बॅक’ लिहिलं आहे. आजचा राइट बॅक बाजूच्या रेषेवरून पुढे धावतो, क्रॉस मारतो. आजोबाही तसंच खेळत असतील का? (कोथरूड)

बहुधा नाही. आपल्याकडे तेव्हा २-३-५ ही मांडणी रूढ होती : दोन बॅक (बचाव), तीन हाफ (मधली फळी), पाच फॉरवर्ड (आक्रमण). राइट बॅक आणि लेफ्ट बॅक दोघेही गोलसमोरच, साधारण पेनल्टी एरियाच्या रुंदीत उभे राहत. विंगरला, म्हणजे कडेने खेळणाऱ्या फॉरवर्डला, धरणं हे मुख्यतः बाजूच्या हाफचं काम.

दोन्ही बॅकनी एका रेषेत उभं राहायचं नाही, हा पहिला धडा असे. चेंडू उजवीकडे आला की राइट बॅक त्यावर जायचा आणि लेफ्ट बॅक आठ-दहा पावलं मागे, गोलच्या मधोमध सरकायचा. चेंडू डावीकडे गेला की कामांची अदलाबदल. मागे सरकणाऱ्याला दोन क्षण उशीर झाला की दोघांच्या मधून एक सरळ पास, आणि समोरचा फॉरवर्ड गोलकीपरपुढे एकटा.

ही जोखीम वाढली ती १९२५ च्या नियमबदलाने. त्याआधी ऑफसाइड टाळायला फॉरवर्ड आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्धी संघाचे तीन खेळाडू असावे लागत. म्हणून एक बॅक बिनधास्त पुढे जाऊन फॉरवर्डला ऑफसाइडमध्ये अडकवायचा सापळा लावी. तो फसला तरी दुसरा मागे असेच. तिनाचे दोन झाले आणि हा जादाचा आधार गेला. इंग्लंडमध्ये आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी सेंटर हाफला दोन बॅकच्या मध्ये ओढून तिसरा बॅक केला, तोच पुढे ‘स्टॉपर’. बॅक मग बाजूला पसरून विंगर धरू लागले. स्टॉपरच्या पाठीवर पाच नंबर का, याचं उत्तर इथे आहे : दोन आणि तीन नंबर बॅकचे, चार-पाच-सहा हाफचे. मधला पाच नंबर मागे आला, तो नंबर घेऊनच.

भारतीय संघाला हा बदल उशिरा पचला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं हरवलं. अनवाणी पायांना आणि थंडीला दोष दिला जातो, तो रास्तही आहे. पण दोनच बॅकवर उभा असलेला बचाव हे कारण आमच्या मते तितकंच मोठं. त्यानंतर प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी तिसरा बॅक आणला, आणि १९५६ ला मेलबर्नमध्ये भारत चौथा आला.

१९६२ च्या आशियाई स्पर्धेत जर्नेल सिंग बॅक असूनही गोल करत होते, ते कसे? (कॅम्प)

थायलंडविरुद्ध त्यांच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. जपानविरुद्ध ते खेळले नाहीत. उपांत्य सामन्यात रहीम यांनी त्यांना थेट सेंटर फॉरवर्डला उभं केलं. बदली खेळाडूची सोय त्या काळी नव्हती, हे लक्षात घ्या. दुखावलेला बॅक मैदानात ठेवायचाच, तर त्याला पुढे किंवा विंगवर पाठवत. स्टॉपरची एक चूक म्हणजे आपल्यावर गोल, फॉरवर्डची चूक म्हणजे फार तर एक संधी वाया. जर्नेल यांनी दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला (३-२), आणि ४ सप्टेंबरला जकार्तात दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही (२-१). त्या सामन्यातला आपला पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांचा.

शैलेन मन्ना १९४२ पासून १९६० पर्यंत मोहन बागानकडूनच खेळले. बॅकची कारकीर्द इतकी लांबायची कशी? (सदाशिव पेठ)

बॅक बहुतेक वेळ चेंडूकडे तोंड करून खेळतो, पाठीवर माणूस घेऊन वळण्याचा ताण कमी. अडचणीत आला तर चेंडू गोलकीपरच्या हातात देता येई, ती मुभा १९९२ मध्ये गेली. आणि वेग ओसरला तरी पायातली ताकद राहते : लांब किक बॅककडे असल्याने गोल किक, फ्री किक, पेनल्टी पुष्कळदा त्यांच्याकडेच असत.

मुलांना शिकवतो. टीव्ही पाहून सगळी घसरून टॅकल करतात, गुडघे सोलून घेतात. जुने बॅक उभ्याने चेंडू काढायचे, ते कसं शिकवावं? (खडकी)

मुरमाच्या मैदानावर घसरणं म्हणजे कातडी सोलणारच. शिवाय घसरलेला बॅक चुकला, तर उठेपर्यंत खेळातून बाद.

शेवटच्या दोन मीटरमध्ये पावलं आखूड करायची. टेकवलेला पाय चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर, गुडघा वाकलेला. दुसऱ्या पायाचा घोटा घट्ट, पावलाची आतली बाजू चेंडूच्या बरोबर मध्यावर, शरीराचा भार पुढे. चेंडू दोघांच्या पायांमध्ये अडकला तर पाय मागे ओढू नये. तो प्रतिस्पर्ध्याच्या पावलावरून वर लोटून काढावा.

मुलं तीन गोष्टी चुकतात. अंगठ्याने टोचतात, मग घोटा मुरगळतो. पाय सरळ ताठ ठेवतात, मग धक्का गुडघ्यात जातो. आणि मागे झुकतात, मग समोरचा अंगावरून निघून जातो. तिसरी चूक सर्वांत जास्त दिसते आणि ती भीतीमुळे होते. म्हणून सुरुवात चेंडू स्थिर ठेवून, समोरासमोर दोघं, एका पावलावरून करा. प्रत्येक पायाने आठ-दहा वेळा, आधी चालत. नडगीचे पॅड बांधल्याशिवाय नाही.

बॅक खेळलेल्या माणसाची कारकीर्द जुन्या वर्तमानपत्रांत कशी शोधावी? गोल करणाऱ्यांचीच नावं दिसतात. (कर्वेनगर)

बातमी सोडा, शेवटी छापलेली संघाची यादी पाहा. ती ठरलेल्या क्रमाने असे : गोलकीपर, दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड, मध्ये अर्धविराम. नाव दुसऱ्या गटात असेल तर माणूस बॅक. दोघांत आधी येणारा सहसा राइट बॅक. नाव तिसऱ्या गटात गेलेलं दिसलं तर जागा बदलली असं समजावं. आडनाव एकाच प्रकारे छापलेलं असेल असं धरू नका, इंग्रजी आणि मराठी दोन्ही पत्रांत पाहा. सामन्याच्या दुसऱ्या दिवसाच्या अंकासोबत सामन्याच्या दिवसाचा अंकही काढा, कारण निवडलेला संघ तिथे छापला जाई. रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा मुंबईत कूपरेज मैदानावर व्हायची, त्यामुळे बाहेरचे सामने मुंबईच्या पत्रांत सापडतील. खेळाडू सरकारी खात्यात नोकरीला असेल तर सेवापुस्तकातल्या खास रजेच्या नोंदींवरून स्पर्धांच्या तारखा हाती लागू शकतात. आधी त्या काढा, मग अंक मागवा.